सिग्नल असो वा नसो, चौक मोकळा हवा

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे ‘शहरातली वाहतूक कोंडी आणि आपण’. मी वाहतूक अभियांत्रिकी शिकवतो. वर्गात हा विषय चार महिने चालतो, इथं माझ्याकडं पाऊण तास आहे. म्हणून सगळं सांगण्याच्या फंदात पडत नाही. एकच गोष्ट सांगतो आणि ती नीट सांगतो. त्याआधी घरातला एक प्रसंग.

तीन वर्षांपूर्वीचा जुलै महिना. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, पाऊस सुरू होता. अब्बांच्या छातीत दुखायला लागलं, अंगाला दरदरून घाम फुटला. रुग्णवाहिका कधी येईल याचा भरवसा नव्हता. शेजारच्या रिक्षावाल्या चाचांनी हातातला चहा तसाच ठेवून रिक्षा काढली. दवाखाना अडीच किलोमीटरवर. पहिले दोन किलोमीटर सहा-सात मिनिटांत गेले. शेवटचा चौक ओलांडायला एकवीस मिनिटं लागली.

वीज गेली होती, सिग्नल बंद होता. चारही बाजूंची वाहनं चौकाच्या मधोमध घुसून उभी होती. चाचा हॉर्न वाजवत होते, मागचे त्यांच्यावर वाजवत होते. मी खाली उतरलो आणि पाण्यातून चालत चौकाच्या मध्यावर गेलो. तिथं जे दिसलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. पलीकडचा रस्ता मोकळा होता! दवाखान्याकडं जाणारा रस्ता रिकामा, बाजाराकडं जाणारा रिकामा, बाकीचे दोन्हीही रिकामे. अडकले होते ते फक्त मधले दहा-बारा जण. टेम्पोसमोर मोटार आडवी, मोटारीसमोर बस, बससमोर रिक्षा आणि रिक्षासमोर पुन्हा तोच टेम्पो. प्रत्येक जण समोरचा हलण्याची वाट बघत होता आणि ती साखळी फिरून त्याच्याच दारात येत होती.

ती गाठ पोलिसानं सोडवली नाही, अभियंत्यानंही नाही. मी तिथं नुसता भांबावून उभा होतो. एक भाजीवाला आणि कॉलेजची दोन मुलं पुढं आली. त्यांनी टेम्पोच्या मागच्या दुचाकी सरकवल्या आणि टेम्पोवाल्याला सहा फूट मागं घ्यायला लावलं. सहा फूट! दोन मिनिटांत चौक वाहता झाला.

अब्बा आज आहेत, अल्हम्दुलिल्लाह. पण हृदयाच्या स्नायूला जितका वेळ रक्त मिळत नाही, तितका तो निकामी होत जातो. दोन जिने चढताना अब्बा आता तीनदा थांबतात. ते थांबले की मला तो चौक आठवतो. आणि हेही आठवतं की त्याआधी कित्येकदा मी स्वतः माझी दुचाकी अशाच चौकात घुसवली होती. ‘जागा दिसली की घाल’, हेच आपण एकमेकांकडून शिकलेलो असतो.

तर माझी एक गोष्ट ही. कोंडी वाहनं जास्त झाली म्हणून होते, हे अर्धंच खरं आहे. वाहनं जिथं थांबायला नकोत तिथं थांबतात म्हणून ती होते. ती जागा म्हणजे चौकाचा मधला भाग आणि चौकाच्या तोंडाची पन्नास पावलं. ही जागा मोकळी राहिली तर सिग्नल असलेला चौक चालतो आणि नसलेलाही चालतो. ती अडली तर दोन्ही बंद पडतात.

सिग्नल नेमकं काय करतो?

सिग्नल वाहतूक वाढवत नाही. तो फक्त पाळी लावून देतो. चौकाची मधली जागा एकच आणि मागणारे चार. आधी कोण, नंतर कोण, एवढंच दिवा सांगतो.

जगातला पहिला वाहतूक सिग्नल १८६८ सालच्या डिसेंबरात लंडनमध्ये संसद भवनाबाहेर उभा राहिला. तो आखणारे जे. पी. नाइट रेल्वे सिग्नलचे अभियंता होते. दिवे गॅसचे आणि ते फिरवायला पोलीस. महिनाभरात गॅसचा स्फोट झाला, पोलीस भाजला आणि प्रयोग गुंडाळला गेला. विजेचा सिग्नल आला तो १९१४ मध्ये, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात. त्याच शहरातले कृष्णवर्णीय संशोधक गॅरेट मॉर्गन यांना १९२३ मध्ये तीन स्थितींच्या सिग्नलचं पेटंट मिळालं. ‘जा’ आणि ‘थांबा’ यांच्यामध्ये त्यांच्या यंत्रात तिसरी स्थिती होती, सगळ्या बाजू थांबवणारी. कशासाठी? आत असलेली वाहनं बाहेर पडावीत, चौक रिकामा व्हावा, मग पुढच्यांना सोडावं.

आपला पिवळा दिवाही त्याच कामासाठी आहे. आपल्याकडं मात्र पिवळा म्हणजे ‘पटकन निघ’ असा अर्थ झालाय. चौक रिकामा करायचे ते तीन-चार सेकंद आपण चौक भरायला वापरतो.

थोडा हिशेब करू

आता थोडं गणित. घाबरू नका, सातवी-आठवीचं आहे.

समजा दोन रस्ते एकमेकांना छेदतात. दोन पाळ्यांचा सिग्नल आहे. चौकाकडं येणाऱ्या प्रत्येक बाजूची रुंदी ८ मीटर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत वर्षानुवर्षं एक सोपं सूत्र वापरलं गेलं. हिरवा दिवा सलग तासभर राहिला, तर रुंदीच्या दर मीटरमागं ५२५ एकक वाहनं निघतात. एक मोटार म्हणजे एक एकक, दुचाकी साधारण अर्धं, बस किंवा ट्रक दोन ते तीन. म्हणजे ८ मीटर रुंदीतून तासाला ४,२०० एकक.

आता समजा, दोन्ही रस्त्यांवर येणारी वाहनं मिळून चौकाची ७० टक्के क्षमता वापरतात. ३० टक्के शिल्लक आहे. दिवा बदलताना वाहनं थांबतात, पुन्हा निघतात, त्यात दर फेरीला १० सेकंद वाया जातात असं धरू. मग सिग्नलची पूर्ण फेरी किती सेकंदांची असावी? ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतले एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ साली याचं सूत्र दिलं आणि ते आजही शिकवलं जातं. वाया जाणाऱ्या वेळेची दीडपट करा, त्यात ५ मिळवा आणि शिल्लक क्षमतेनं भागा. १० ची दीडपट १५, अधिक ५, झाले २०. त्याला ०.३ नं भागलं की ६७ सेकंद. म्हणजे सव्वा मिनिटाच्या आत सगळ्यांची पाळी येते. उत्तम चौक.

आता त्याच चौकाच्या तोंडाशी, दोन्ही रस्त्यांवर, २ मीटर रुंदी अडवा. फार नाही. एक उभी मोटार, तिच्यापुढं दोन रिक्षा, एक हातगाडी. रुंदी राहिली ६ मीटर. तासाला ४,२०० ऐवजी ३,१५० एकक. वाहन एकही वाढलेलं नाही. पण आधी ७० टक्के भरलेला चौक आता ९३ टक्के भरला. शिल्लक राहिली फक्त एक पंधरांश क्षमता. २० ला एक पंधरांशानं भागा. उत्तर येतं ३०० सेकंद.

६७ सेकंदांचे ३०० सेकंद! रस्त्याच्या कडेची दोन मीटर जागा गेली आणि सव्वा मिनिटाचा चौक पाच मिनिटांचा झाला.

पाच मिनिटांची फेरी कुणी ठेवत नाही. साधारण दोन मिनिटांच्या वर नेऊ नये असं अभियंते मानतात, कारण त्यापुढं माणसं दिव्याला जुमानत नाहीत. म्हणजे मग काय होतं? प्रत्येक हिरव्या दिव्यानंतर काही वाहनं उरतात. पुढच्या फेरीत आणखी उरतात. रांग मागं वाढत जाऊन आधीच्या चौकात घुसते आणि तो चौकही बंद पडतो. आपण म्हणतो, ‘सगळं शहर तुंबलं’. सुरुवात झालेली असते एका कोपऱ्यावरच्या दोन मीटरपासून.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. तीच मोटार चौकापासून दोनशे मीटर अलीकडं उभी असती, तर एवढं नुकसान झालं नसतं. मधल्या रस्त्यावर वाहनं आखडून निघतात, पुन्हा पसरतात. चौकाच्या तोंडाशी मात्र रुंदीच्या प्रत्येक मीटरला किंमत आहे. म्हणूनच चौकाजवळ गाडी उभी करायला नियमानं मनाई आहे. तो नियम चलान फाडण्यासाठी केलेला नाही, त्यामागं हे गणित आहे.

आता मोठ्या शहरांत वाहनं मोजून आपोआप वेळ बदलणारे सिग्नल आले आहेत. सिडनीनं आणि ब्रिटननं अशा पद्धती १९७० च्या दशकापासून विकसित केल्या. त्या उपयोगी आहेत. रात्री अकरा वाजता रिकाम्या रस्त्यासमोर लाल दिवा धरून बसण्यापेक्षा त्या बऱ्याच शहाण्या. पण त्या फक्त वेळ वाटतात. गेलेली रुंदी कुठलाही संगणक परत आणत नाही.

सिग्नल नसेल तेव्हा

आता दुसरा भाग. आपल्या जुन्या वस्त्यांतल्या बहुतेक चौकांत सिग्नल नाही, पुढंही लागणार नाही. सगळीकडं लागावा असंही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत सिग्नल कुठं बसवावा याचे निकष आहेत: वाहनांची संख्या, पायी ओलांडणाऱ्यांची संख्या, झालेले अपघात. वर्दळ कमी असताना सिग्नल बसवला, तर विनाकारण थांबावं लागतं आणि लोकांना तो तोडायची सवय लागते.

मग सिग्नल नसलेल्या चौकात आधी कोण? कायद्यात याचं उत्तर आहे. हात वर करा, किती जणांना माहीत आहे? ... चार. आणि परवाना किती जणांकडं आहे? हॉलमधल्या निम्म्यांकडं.

उत्तर असं: एक रस्ता मुख्य असेल तर मुख्य रस्त्यावरचा आधी. दोन्ही सारखे असतील तर तुमच्या उजवीकडून येणारा आधी. वर्तुळाकार चौक असेल तर आत फिरणारा आधी, बाहेरच्यानं थांबायचं. बस, एवढंच.

हे क्षुल्लक वाटेल, पण ब्रिटनमध्ये याच एका नियमानं वर्तुळाकार चौक वाचले. तिथं आपल्यासारखंच डावीकडून वाहन चालवतात. १९६० च्या दशकापर्यंत चौकात आधी कोण हे ठरलेलं नव्हतं. बाहेरचे आत घुसायचे, आतल्यांना बाहेर पडता यायचं नाही आणि वर्तुळ लॉक व्हायचं. आमच्या चौकात अब्बांची रिक्षा अडकली होती, अगदी तसंच. १९६६ साली नियम झाला की उजवीकडून येणाऱ्याला, म्हणजे आत फिरणाऱ्याला, आधी जाऊ द्या. फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या अभियंत्यानं त्यासाठी बरेच प्रयोग केले होते. नवा रस्ता बांधला नाही, पूल बांधला नाही. आतला आधी बाहेर पडेल एवढंच ठरवलं आणि वर्तुळ रिकामं राहायला लागलं.

मुळात तत्त्व तेच. बाहेर पडणाऱ्याला वाट मिळाली तरच आत येणाऱ्याला जागा मिळते. ब्रिटननं १९६७ मध्ये चौकात पिवळ्या जाळीचे चौकोन रंगवायला सुरुवात केली. पलीकडं जागा असल्याशिवाय त्या चौकोनात शिरायचं नाही. दिवा हिरवा असला तरी नाही. मुंबईतही अशी जाळी तुम्ही पाहिली असेल. आपल्यातले बरेच जण तिला रांगोळी समजून तिच्यावर उभे राहतात.

दिवे काढून टाकले तर?

तुमच्यापैकी काहींनी व्हिडिओ पाहिले असतील. ‘युरोपात सिग्नल काढले आणि कोंडी गेली.’ यात तथ्य आहे, पण ते अर्धवट सांगितलं जातं.

नेदरलँड्समध्ये द्राख्तेन नावाचं छोटं शहर आहे. तिथले वाहतूक अभियंता हान्स मोंडरमन यांनी एका मोठ्या चौकातले सिग्नल काढले. दिवसाला सुमारे २२ हजार वाहनं जाणारा चौक. त्यांनी तिथं चौरस मैदानासारखी मोकळी जागा केली, मध्ये वर्तुळ ठेवलं. चालकांना एकमेकांच्या आणि पायी जाणाऱ्यांच्या डोळ्यांत बघून वाट काढावी लागते. तो चौक चालला. पण का चालला? वाहनांचा वेग आधीच खाली आणला होता. रस्त्याची रचना अशी केली की वेगानं जाताच येऊ नये. आणि आधी दुसऱ्याला वाट द्यायची, ही सवय तिथं मुरलेली होती. नुसते दिवे काढले असते तर ते जमलं नसतं.

शिवाय जो डोळ्यांत बघू शकत नाही त्याचं काय? दृष्टिहीन माणसानं तिथं रस्ता कसा ओलांडायचा? ब्रिटनमध्ये अंध आणि अपंग नागरिकांच्या संघटनांनी हाच प्रश्न लावून धरला. २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं अशा नव्या योजना थांबवून धरायला सांगितलं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. चौक किती वाहनं सोडतो हे मोजणं सोपं आहे. चौकात सगळ्यात दुर्बळ माणूस सुखरूप पार होतो का, हे कुणी मोजत नाही.

भूतानची राजधानी थिंफू. तिथं एकदा सिग्नल बसवला होता. लोकांना आवडला नाही, काढून टाकला. आजही तिथं पांढरे हातमोजे घातलेला पोलीस छत्रीवजा चौकीत उभा राहून वाहतूक चालवतो. छोट्या शहरात माणसाचा हात दिव्यापेक्षा चांगला चालू शकतो, कारण हाताला डोळे जोडलेले असतात. कुठली बाजू रिकामी, कुठली भरलेली, हे त्याला दिसतं.

आणि आपल्या देशात राजस्थानातलं कोटा. तिथं उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग बांधून चौकांतले सिग्नल काढले. मोठा खर्च करून वाहनांचं थांबणं संपवलं. पण वाहन कधीच थांबत नसेल, तर पायी ओलांडणाऱ्याची पाळी कधी येणार, हा प्रश्न अशा प्रत्येक शहराला विचारला पाहिजे. उड्डाणपूल हा कायमचा उपाय असतोच असंही नाही. पुण्याच्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रो आणि नव्या पुलासाठी २०२० साली पाडावा लागला. ज्यांनी त्या चौकात रोजचे तास घालवले, त्यांना विचारा.

एक प्रयोग मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे. जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल मार्गावर २२ मोटारी सोडल्या. त्याचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. चौक नाही, सिग्नल नाही, अपघात नाही. सांगितलं एवढंच की साधारण ३० किलोमीटरच्या वेगानं एकसारखं चालवा. थोड्याच वेळात कुणीतरी जरा पुढं दाबलं, जरा ब्रेक मारला. मागच्यानं थोडा जास्त मारला, त्याच्या मागच्यानं आणखी जास्त. आणि काही मोटारी चक्क थांबल्या. कारण नसताना कोंडी! एकाच्या घाईची किंमत त्याच्या मागच्या दहा जणांनी दिली, आणि गोल मार्ग असल्यानं ती कोंडी फिरून त्याच्याकडंही आली.

आपला मोहल्ला, आपला चौक

आता घरच्या गोष्टीकडं येतो. इथं थोडं कडू बोलेन, माफ करा.

आपल्या वस्त्या जुन्या आहेत, दाट आहेत, रस्ते अरुंद आहेत. पालिकेचं लक्ष कमी, सिग्नल बंद पडला तर महिनोन्‌महिने बंद. ही तक्रार खरी आहे आणि ती लेखी करायला हवी. पण जी पन्नास पावलं आपल्या हातात आहेत, त्यांचं काय?

जुम्म्याला दीडच्या सुमाराला मशिदीजवळच्या चौकात काय होतं? जमात चुकू नये म्हणून माणूस दुचाकी थेट चौकाच्या तोंडाशी लावतो. एक लावतो, मग शंभर लागतात. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं ही नेकी आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग आपलीच गाडी ती वस्तू झाली तर? मिरवणुका, लग्नाच्या वराती, मंडळांचे मांडव यांनीही रस्ते अडतात, हे मला ठाऊक आहे. पण शेजारच्याच्या चुकीनं आपली चूक बरोबर होत नाही. आणि त्या अडलेल्या चौकात शुक्रवारी दुपारी कुणाचे अब्बा रिक्षात असतील, सांगता येत नाही. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण चौकच भरलेला असेल, तर वाट द्यायची इच्छा असूनही देता येत नाही.

दुसरी गोष्ट हातगाड्यांची. हिशेबात मी हातगाडीचं नाव घेतलं, तेव्हा काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. बरोबर आहे. त्या हातगाडीवर कुणाचं तरी घर चालतं, आपल्यातल्याही कित्येकांचं चालतं. माझ्या अब्बांना वाट करून देणारा भाजीवालाच होता, हे मी विसरलेलो नाही. म्हणून माझं म्हणणं ‘हातगाड्या उचला’ असं नाही. माझं म्हणणं आहे, चौकाच्या तोंडापासून पन्नास पावलं मागं हलवा आणि त्यांना तिथं हक्काची जागा द्या. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे आणि समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत. ही समिती तुमच्या शहरात बसते का? तिच्या बैठकीत तुमच्या चौकाचं नाव निघतं का? रिक्षाथांब्याचंही तसंच. थांबा हवाच, फक्त कोपऱ्यावर नको.

मोजा आणि मग मागा

शेवटचं. तुम्ही तरुण आहात, हातात फोन आहे, म्हणून एक काम देतो.

आपल्या मोहल्ल्याचा सगळ्यात वाईट चौक निवडा. कामाच्या एका दिवशी संध्याकाळी पाच ते सात, आठ जण उभे राहा. प्रत्येक बाजूला दोघं. दर पंधरा मिनिटांनी नोंद करा: किती वाहनं आली, कोणत्या प्रकारची, त्यातली किती डावीकडं, किती सरळ, किती उजवीकडं गेली. सिग्नल असेल तर प्रत्येक बाजूला हिरवा किती सेकंद मिळतो आणि हिरवा संपल्यावर रांगेत किती उरतात. सिग्नल नसेल तर दोन तासांत चौक किती वेळा लॉक झाला, कशामुळं झाला, किती मिनिटांनी सुटला. मग फिता घेऊन रुंदी मोजा. चौकापासून पन्नास पावलांत काय काय उभं आहे त्याचा कागदावर नकाशा काढा: खांब, कचराकुंडी, रिक्षाथांबा, बसथांबा, खड्डा, उभ्या गाड्या. आणि पायी ओलांडणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाला किती सेकंद लागतात तेही मोजा. हिशेबात माणसाची चाल सेकंदाला १.२ मीटर धरतात. तुमच्या नानींना तेवढं जमतं का, बघा.

मग दोन पानांचा अर्ज करा. एक प्रत वाहतूक पोलीस शाखेला, एक पालिकेच्या प्रभाग कार्यालयाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचीही तरतूद आहे, तिसरी प्रत तिथं. सिग्नलची वेळ कशी ठरवली हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. ‘इथं फार ट्रॅफिक होतं हो’ असं सांगणाऱ्याला कुणी बसायला खुर्ची देत नाही. ‘दोन तासांत चौक अकरा वेळा लॉक झाला आणि त्यातल्या आठ वेळा कारण हा कोपरा होता’, असं कागदावर दाखवणाऱ्याशी बोलावं लागतं.

एक इशारा. शिट्टी घेऊन स्वतःच वाहतूक चालवायला उतरू नका. तो अधिकार पोलिसांचा आहे आणि चुकलात तर जीव जाईल. जुम्म्याला, ईदला स्वयंसेवक उभे करायचे असतील तर आधी वाहतूक शाखेशी बोला. त्यांनाही माणसं हवीच असतात.

गेल्या वर्षी माझ्या विद्यार्थ्यांनी अब्बांच्या त्या चौकात हीच मोजणी केली. सगळ्यात मोठा अडथळा निघाला कोपऱ्यावरचा रिक्षाथांबा आणि त्याला लागून असलेली कचराकुंडी. अर्ज केला. चार महिने काही झालं नाही, पुन्हा गेलो. मग एकदा अधिकारी स्वतः बघायला आले. रिक्षावाल्यांशी बोलणी आमच्या त्या चाचांनी केली. थांबा साठ पावलं मागं गेला, कुंडी हलली. पिवळी जाळी अजून रंगवलेली नाही, तिसरा अर्ज या महिन्यात जातोय. चौकात आजही गर्दी होते. पण मधला भाग आता पूर्वीसारखा लॉक होत नाही, सिग्नल बंद असला तरी.

इथून बाहेर पडाल तेव्हा खालच्या चौकातूनच जाल. पलीकडं जागा दिसल्याशिवाय आत शिरू नका. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.